कुसुम खाते उघडण्याची कार्यपद्धती

संगणकाच्या प्रोग्राममधली चूक ही जन्मतःच चूक नसते. पहिल्या आठवड्यात तिला ‘किरकोळ अडचण’ म्हणतात. पहिल्या महिन्यात ती ‘ग्राहकाची चूक’ होते. वर्षभर टिकली तर तिला ‘मर्यादा’ हा दर्जा मिळतो, आणि दहा वर्षं टिकली की तिची ‘कार्यपद्धती’ होते. त्यानंतर तिला हात लावणाराच चूक करतो असं मानण्यात येतं.

सदाशिव पेठेतल्या त्रिदल सॉफ्टवेअर या कंपनीत अशा सतरा कार्यपद्धती होत्या. कंपनी दुसऱ्या मजल्यावर होती. पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता, आणि दोघांत मिळून जिन्यात एकच बाक होता. बाकावरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून तो दातासाठी आलाय की सॉफ्टवेअरसाठी हे ओळखता येत नसे. (‘फार दिवस सहन केलं’ असं म्हणत येणारे साधारण निम्मे त्रिदलचे ग्राहक निघत.)

त्रिदलचं उत्पादन एकच. नाव ‘पट्टीकार’. मार्केट यार्डात शेतकऱ्याचा माल विकला गेला की आडत्या त्याला हिशोबाचा कागद देतो, त्याला पट्टी म्हणतात. ती पट्टी हा प्रोग्राम छापत असे. तो टेबलावरच्या संगणकात बसवावा लागे. मोबाईलवर तो चालत नसे, इंटरनेटवर चालत नसे, आणि अगदी सुरुवातीला तर संगणकावरही चालत नसे. अपवाद एका संगणकाचा. तो विश्रांतवाडीत होता.

तो संगणक कुसुमचा. पट्टीकार लिहिणारे उत्तरेश्वर शिंगाडे हे तिचे यजमान. उत्तरेश्वर मूळचे भूम तालुक्यातले, डिप्लोमा करायला पुण्यात आले आणि परत जायचं राहून गेलं. कुसुम घरी टायपिंगची कामं घेई. लोकांचे प्रबंध, कोर्टाचे दावे, वधूवर मेळाव्याच्या पुस्तिका. संगणक तिनं स्वतःच्या कमाईतून घेतलेला, त्यामुळे तो नवऱ्याला वापरायला देताना तिची एक अट होती: तेवढ्या वेळात कुकर त्यांनी लावायचा. पट्टीकारचा बराचसा भाग पहिल्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या दरम्यान लिहिला गेला. (प्रोग्राम वाचताना ते जाणवतं, असं पुढे जाणकारांचं मत पडलं.)

छापलेल्या पट्ट्या कुठेतरी साठवाव्या लागतात. उत्तरेश्वरांनी त्या कुसुमच्या डेस्कटॉपवरच्या फोल्डरात साठवल्या आणि प्रोग्राममध्ये तोच पत्ता अक्षर न अक्षर लिहून टाकला. धंद्यातले लोक याला हार्डकोड करणं म्हणतात. पोस्टमनला ‘ज्याचं पत्र त्याच्या घरी दे’ असं सांगायच्या ऐवजी ‘जगातली सगळी पत्रं कुसुमच्या घरी टाक’ असं सांगून ठेवावं, त्यातला हा प्रकार. पोस्टमन जोवर विश्रांतवाडीत फिरतो तोवर काही बिघडत नाही.

पहिला ग्राहक मिळाला मन्सूरभाई. मार्केट यार्डातले लिंबाचे आडते. त्यांच्या गाळ्यातल्या संगणकावर पट्टीकार चढवला, बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं: ‘ठिकाण सापडत नाही.’

“कसलं ठिकाण?” मन्सूरभाई म्हणाले. “सगळ्या हमालांना सापडतं.”

उत्तरेश्वरांच्या लक्षात आलं. प्रोग्राम कुसुमचं घर शोधत होता आणि ते यार्डात नव्हतं. चूक काढायची तर विश्रांतवाडीला परत जावं लागणार होतं. बाहेर लिंबाच्या गोण्या उतरत होत्या, शेतकरी पट्टीसाठी खोळंबले होते. उत्तरेश्वरांनी मन्सूरभाईंच्या संगणकावरच कुसुम नावाचं एक खातं उघडून टाकलं. पडद्यावर आलं, ‘स्वागत, कुसुम’. आणि पहिली पट्टी खडखडत बाहेर आली.

“या कुसुम कोण?”

“आमची मंडळी.”

“त्या इथं कशा आल्या?”

“त्यांच्याशिवाय चालत नाही.”

“आमच्याकडंही तेच आहे,” मन्सूरभाई म्हणाले. “पण आम्ही ते असं भिंतीवर लिहून ठेवत नाही.”

यातून कार्यपद्धती क्रमांक एक जन्माला आली. त्रिदलचे मालक सुदर्शनराव यांनी ती पुढीलप्रमाणे टाइप करून भिंतीवर लावली:

(अ) ग्राहकाच्या संगणकावर ‘कुसुम’ या नावाने खाते उघडावे. (आ) सदर खात्यास सर्व अधिकार द्यावेत. (इ) ‘कुसुम कोण’ अशी पृच्छा झाल्यास ‘ती प्रणालीची गरज आहे’ असे उत्तर द्यावे. (ई) हीच पृच्छा ग्राहकाच्या पत्नीने केल्यास उत्तर देऊ नये. कार्यालयाशी संपर्क साधण्यास सांगावे.

(ई) हे पोटकलम मागाहून जोडावं लागलं. कांद्याच्या एका आडत्याची बायको डबा घेऊन गाळ्यावर आली, तेव्हा पडद्यावर कुसुमचं स्वागत चाललं होतं. त्या गृहस्थांनी पुढचे काही दिवस यार्डातल्या खाणावळीत जेवून काढले.

बाकीच्या सोळा कार्यपद्धतींचं इथे सविस्तर वर्णन करण्याचं कारण नाही. पण ज्यांना हा धंदा शिकायचा आहे त्यांच्यासाठी काही निवडक देणं योग्य ठरेल.

प्रोग्राम मध्येच गोठणे. यावर उपाय म्हणून ‘कृपया थांबा’ अशी पाटी लावण्यात आली. पाटीचा आणि कामाचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पाटी ठरल्या वेळी येई, ठरल्या वेळी जाई. तेवढ्यात काम झालं तर झालं. पाटी लावल्यापासून तक्रारी एकसष्ट टक्क्यांनी घटल्या. माणसाला काम होण्याची फारशी गरज नसते, थांबायला कोणीतरी नीट सांगावं एवढीच अपेक्षा असते.

अचानक चूक उद्भवणे. चूक उद्भवली की ती पकडायची आणि कोणाला काही न सांगता गिळून टाकायची. प्रोग्राम पुढे चालू राहतो. (या तत्त्वावर चाललेले संसार वाचकांनी पाहिले असतील. बाहेरून ते उत्तम चालतात.)

मराठी अक्षरांचे चौकोन होणे. शेतकऱ्याचं नाव इंग्रजीत छापावं. त्याला बढती मिळाल्यासारखं वाटतं.

तारीख चुकणे. प्रोग्राम दिवस आणि महिना यांची अदलाबदल करी. वर्षात तेरावा महिना नसल्यामुळे दर महिन्याच्या तेरा तारखेपासून त्याला आपोआप शहाणपण येई. म्हणून महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत तारखेबाबत कोणी आग्रह धरू नये, असं ठरलं. यार्डानं ते मान्य केलं. पेठेत हे चाललं नसतं.

अशा रीतीनं पट्टीकार वाढला. आडत्यामागून आडत्या जोडला गेला, आणि पाहता पाहता सहाशेच्या वर संगणकांवर कुसुमचं खातं झालं. या सहाशे संगणकांवर तिला सर्व अधिकार होते. मालकांना नव्हते. यार्डात त्यावरून बोलण्याची एक रीतच पडून गेली. सकाळी गाळा उघडला की दिवाणजी म्हणायचा, “कुसुमबाई उठल्या का?” संगणक रेंगाळला तर, “आज बाईंचा मूड नाही.” संध्याकाळी मालक जाता जाता बजावायचा, “बाईंना नीट बंद करून जा रे, काल तसंच टाकून गेलास.” ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं अशी शेकडो माणसं तिच्याविषयी रोज आदरानं बोलत होती. प्रत्यक्ष कुसुमला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला होता.

कुसुम दोन वर्षांपूर्वी गेली. आजार फार लांबला नाही. दवाखान्यातही डॉक्टरांनी उत्तरेश्वरांना बाहेर थांबायला सांगितलं होतं. नीट सांगितलं होतं. उत्तरेश्वर थांबले.

दिवसवार आटोपल्यावर सुदर्शनरावांचा फोन आला, “घरी बसून काय करणार? या ऑफिसात.” सुदर्शनरावांच्या शब्दकोशात सांत्वनाचा हा सर्वात वरचा प्रकार. उत्तरेश्वर गेले. खुर्चीवर बसतात न बसतात तोच टेबलावरचा फोन वाजला. मन्सूरभाई होते. भेटायला ते विश्रांतवाडीला येऊन गेले होते, बराच वेळ बसून गेले होते.

“उत्तरेश्वरभाऊ, विचारायला जीव होत नाही.”

“विचारा.”

“आमच्या दिवाणजीच्या हातून… म्हणजे चुकूनच… त्या गेल्या.”

“कोण?”

“फोल्डर.”

उत्तरेश्वरांनी कार्यपद्धतीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला. “कचरापेटीत पाहिलंत का?”

मग मन्सूरभाई म्हणाले, “भाऊ, असं कसं बोलता.”

“पद्धत आहे, मन्सूरभाई. पाहा तिथं.”

“…आहेत.”

“उजवं बटण दाबा. ‘परत आणा’ असं लिहिलेलं दिसेल.”

मन्सूरभाईंनी दाबलं. “आल्या,” ते म्हणाले. त्यानंतर बराच वेळ फोन कोणी ठेवला नाही. (कार्यालयीन नोंदीत हा कॉल ‘समाधानकारकरीत्या निकाली’ या सदरात आहे.)

त्या दिवसापासून उत्तरेश्वरांच्या कामात फरक पडला. नवा ग्राहक आला की प्रोग्राम बसवायला ते स्वतः जाऊ लागले. आधी हे काम कंपनी कोणाही नवख्याला देत असे. साठीला टेकलेला मुख्य प्रोग्रामर खांद्याला पिशवी लावून गुलटेकडीचा चढ चढतो हे पाहून सुदर्शनरावांनी वार्षिक बैठकीत त्यांच्या निष्ठेचा गौरव केला. निष्ठा वगैरे काही नव्हतं. विश्रांतवाडीच्या घरात आता हाक मारायला कोणी नव्हतं, आणि ज्या घरात हाक मारायला कोणी नसतं तिथं एखादं नाव दिवसचे दिवस तोंडात येत नाही. नव्या संगणकावर मात्र ते पूर्ण टाइप करावं लागे. टाइप केलं की यंत्र स्वागत करी. हे कोणाला सांगण्यासारखं कारण नव्हतं. म्हणून त्यांनी निष्ठा मान्य केली.

याच सुमारास उत्कर्षा नोकरीला लागली. ती हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीतून आली होती. तिकडे तिनं तीन वर्षांत अनेक मीटिंगा केल्या होत्या आणि आता तिला काम करून पाहायचं होतं. तिनं पट्टीकारचा सगळा कोड वाचला. असं करणारी ती कंपनीच्या इतिहासातली पहिली व्यक्ती. (लिहिणाऱ्यानंही तो सलग वाचलेला नव्हता.)

“सर, हे ‘कुसुम’ म्हणजे काय? व्हेरिएबल आहे का?”

“नाही. कॉन्स्टंट.”

“म्हणजे कधीच बदलत नाही?”

“आजवर नाही बदललं.”

“सर, पण हे हार्डकोडेड आहे. एकशे चाळीस ठिकाणी! आणि नुसता फोल्डर केला असता तरी भागलं असतं ना, अख्खं अकाउंट कशाला?”

“तेव्हा सुचलं नाही.”

“आणि नंतर?”

“नंतर गरज वाटली नाही.”

“मी फिक्स करू? जो लॉगिन असेल त्याचं नाव घ्यायचं, सिंपल. एका आफ्टरनूनचं काम आहे.”

उत्तरेश्वर म्हणाले, “बघू.” त्रिदलमध्ये ‘बघू’ या शब्दाचं आयुष्य सरासरी सहा वर्षं असे. पण या वेळी ते तेवढं भरलं नाही. हरितसेतू नावाची एक बडी कंपनी पट्टीकार विकत घ्यायला तयार झाली होती. सुदर्शनरावांचे गुडघे गेले होते, आणि दोन मजले चढून येण्यापेक्षा कंपनी विकलेली बरी, असा विचार त्यांनी केला होता. खरेदीपूर्वी तपासणी करायला हरितसेतूनं एक ऑडिटर पाठवला. त्याचं नाव इंद्रजीत. तो चार तास लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला आणि मग त्यानं मान वर केली.

“सर, एक क्रिटिकल फाइंडिंग आहे. तुमच्या सहाशेहून जास्त कस्टमर्सच्या मशीनवर एकाच व्यक्तीला फुल अ‍ॅक्सेस आहे. मिस कुसुम.”

“मिसेस,” उत्तरेश्वर म्हणाले.

“त्या एम्प्लॉयी आहेत?”

“ती प्रणालीची गरज आहे,” सुदर्शनरावांनी पोटकलम (इ) प्रमाणे उत्तर दिलं.

“असेल. पण मला व्यक्ती दाखवावी लागेल. पूर्ण नाव, आयडी, सही. शुक्रवारपर्यंत.”

सुदर्शनराव व्यवहारी गृहस्थ. त्यांनी प्रथम व्यक्ती उपलब्ध करून देण्याच्या बाजूनं विचार केला. कार्यालयात झाडलोट करायला येणाऱ्या सरुबाईंना बोलावून त्यांनी विचारलं, “सरुबाई, शुक्रवारी तासभर तुम्ही कुसुम व्हाल का? सहाशे मशीनचे सगळे अधिकार तुमच्याकडे असतील.”

सरुबाईंनी हातातला केरसुणीचा बुडखा जमिनीवर आपटला. “सहाशे? आन् पुसायच्या कुणी, म्याच का?”

ही वाट तिथेच बंद झाली. मग इंद्रजीतनंच दुसरी दाखवली. व्यक्ती नसेल तर नसल्याचं प्रमाणपत्र द्यावं, उत्कर्षानं कोड दुरुस्त करावा, आणि एका अपडेटबरोबर सगळ्या संगणकांवरचं हे खातं पुसून टाकावं. विषय संपला. सुदर्शनरावांनी लगेच होकार दिला. उत्कर्षानं दुरुस्ती करून ठेवली (तिला एक दुपार लागली नाही, जेवायच्या सुटीच्या आतच झाली), आणि इंद्रजीतनं प्रमाणपत्र छापून आणलं. मूळ लेखक म्हणून सही उत्तरेश्वरांची हवी होती. मजकूर असा:

‘प्रमाणित करण्यात येते की, सदर प्रणालीत नमूद केलेली “कुसुम” नावाची कोणतीही व्यक्ती अस्तित्वात नाही व कधीही नव्हती. सदर नाव केवळ तांत्रिक स्वरूपाचे आहे.’

उत्तरेश्वरांनी चष्मा लावून ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून वाचलं.

“इथं सही करा काका,” इंद्रजीत म्हणाला. “जस्ट फॉर्मॅलिटी.”

“‘अस्तित्वात नाही’ इथवर करतो. पुढचं खोडा.”

“पुढचं म्हणजे?”

“‘कधीही नव्हती.’”

“ते खोडता नाही येणार. टेम्प्लेट लॉक्ड आहे, हेड ऑफिसचं. सगळ्यांना हेच असतं.”

“हार्डकोडेड आहे,” उत्कर्षा पुटपुटली.

“अहो उत्तरेश्वर,” सुदर्शनराव कळवळून म्हणाले. कळवळा गुडघ्यांतून आला होता. “एका ओळीनं काय होतंय?”

“जे झालंय ते एका ओळीनंच झालंय, साहेब.”

इंद्रजीत समजूतदार मुलगा होता. त्यानं कागद बाजूला ठेवला. “ओके. मग व्यक्ती आहे, असं टिक करू? मग आयडी लागेल आणि सही.”

“आयडी देतो. सही नाही मिळणार.”

“का?”

“दोन वर्षं झाली,” उत्तरेश्वर म्हणाले. “माझी बायको होती.”

खालून दातांच्या डॉक्टरांचं यंत्र ऐकू येत होतं. उत्कर्षा आपल्या पडद्याकडे पाहू लागली. तिथं तिनं केलेली दुरुस्ती हिरव्या रंगात दिसत होती: एकशे चाळीस ठिकाणी खोडलेलं, शून्य चुका. सुदर्शनराव कुसुमला ओळखत होते. तिच्या हातचे शेंगोळे त्यांनी खाल्ले होते. पण इतक्या वर्षांत हे नाव भिंतीवर वाचताना त्यांच्या डोळ्यांसमोर शेंगोळे कधी आले नव्हते. आता ते आले, आणि त्यांनी उगीचच टेबलावरचे कागद सारखे केले.

इंद्रजीतपुढे मात्र तांत्रिक अडचण उभी राहिली. त्याच्या तपासणी प्रोग्राममध्ये व्यक्तीबाबत दोनच पर्याय होते: ‘आहे’ आणि ‘कधीही नव्हती’. ‘होती’ हा पर्याय नव्हता. त्यानं हेड ऑफिसला फोन लावला. हेड ऑफिसनं प्रश्न रास्त असल्याचं मान्य केलं. जगात अशा व्यक्ती बऱ्याच असाव्यात असंही मान्य केलं. आणि तिसरा पर्याय घालण्याची विनंती त्यांच्या सॉफ्टवेअर विभागाकडे पाठवली. सॉफ्टवेअर विभागाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: ‘पुढील आवृत्तीत विचार करू. तोपर्यंत प्रकरण प्रलंबित ठेवावे. प्रलंबित प्रकरणात विद्यमान स्थितीत कोणताही बदल करू नये.’

म्हणजे कुसुम राहिली. तिला राहण्याची परवानगी मिळाली असं नव्हे, जाण्याची मिळाली नाही, एवढंच. विक्री अडकली, आणि सुदर्शनराव दोन्ही गुडघ्यांसकट रोज दोन मजले चढत राहिले. आता वर आल्यावर ते आधी उत्तरेश्वरांच्या टेबलापाशी थांबत. मग पुढे जात.

शनिवारी उत्कर्षा चहाचे दोन कप घेऊन आली. “सर, सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं.”

“तुझी दुरुस्ती बरोबर होती.”

“मॅम काय करायच्या?”

“टायपिंग. आणि माझ्या चुका काढायची. पार्टटाइम टायपिंग.”

उत्कर्षाला हसावं की नाही ते कळेना. मग ती हसली. “मग ही एवढी मोठी चूक नाही दिसली त्यांना?”

“पहिल्या दिवशीच दिसली. म्हणाली, अहो, बाईचं नाव असं बाजारात लावतात का? काढा ते. मी म्हटलं, काढतो.”

“आणि मग म्हणाल्या असतील, जाऊ दे, राहू द्या.”

“छे. शेवटपर्यंत म्हणत होती, काढा. दवाखान्यातही विचारलं, काढलंत का म्हणून.” उत्तरेश्वरांनी चहाचा घोट घेतला. “मी म्हटलं, काढलं.”

उत्कर्षानं आपला कप खाली ठेवला. “सर,” ती मग म्हणाली, “माझी व्हर्जन तयार आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा सोडू. नाही म्हणालात तर नाही. मला काही घाई नाहीये.”

“बघू,” उत्तरेश्वर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात भुसाराच्या एका गाळ्यावर प्रोग्राम बसवायचा होता. उत्तरेश्वर सर्दीनं घरी होते, म्हणून उत्कर्षा गेली. तिनं खातं उघडलं, सर्व अधिकार दिले, पट्टी छापून दाखवली. आडत्यानं विचारलं, “ही कुसुम कोण?” पोटकलम (इ) तिला पाठ होतं.

“आमच्या सीनियर आहेत,” ती म्हणाली.

इथवर वाचून सुज्ञ वाचकाला हसू आलं असेल. एका नावाची चूक, जेवायच्या सुटीतली दुरुस्ती, आणि शिकलेला माणूस ती वर्षानुवर्षं टाळतो. संगणकवाल्यांचा हा गलथानपणा आता चव्हाट्यावर यायलाच हवा, असंही वाटलं असेल. वाटण्यास हरकत नाही. फक्त हसून झाल्यावर घरातलं या महिन्याचं विजेचं बिल शोधावं आणि त्यावर छापलेलं नाव मोठ्यानं वाचावं. ते गृहस्थ जाऊन किती वर्षं झाली ते मनातल्या मनात पाहावं. घरातला फ्रिज, गीझर, नातवंडांचे चार्जर आणि आत्ता ज्या दिव्याखाली आपण हे वाचत आहात तो दिवा, हे सगळं अजून त्यांच्याच नावावर चालू आहे. ते दर महिन्याला वीज वापरतात आणि बिलही मुदतीच्या आत भरतात. नाव बदलण्याचा अर्ज अवघड नसतो. तो आपण आणूनही ठेवलेला आहे.

तो अजून का भरला नाही याची कारणं (वेळ मिळत नाही, जुना कागद सापडत नाही, धाकटा भाऊ सहीला येत नाही) कोणीही विचारली तर आपण सांगालच. ती ऐकून घेण्यात येतील. त्यांतलं एकही खरं नाही, हेही आपणासमक्ष नोंदवून घेण्यात येईल.